पाऊण कप साखर

मी प्राथमिक शिक्षिका. ३१ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. शिक्षक बंधू-भगिनींसाठी आणि पालकांसाठी इथे अधूनमधून लिहीत असते, ते बहुतेक पाठांबद्दल आणि उपक्रमांबद्दल. आजचं लेखन मात्र स्वयंपाकघरातलं आहे आणि त्यात चूक माझीच आहे, हे आधीच सांगून टाकते.

निवृत्तीनंतर मी लेकीकडे न्यू जर्सीला पाच महिने राहून आले. नात आठ वर्षांची, तिकडच्या तिसरीत. मी जायच्या आधी फोनवर ती माझ्याशी मोडकंतोडकं पण भरपूर मराठी बोलायची. मला वाटलं, आता समोरासमोर आहोत, पाच महिन्यांत हिचं मराठी स्वच्छ करून टाकू.

पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "आजी, मी भूक आहे." मी म्हटलं, "असं नाही म्हणायचं. मला भूक लागली आहे. म्हण बघू." तिने म्हटलं. मी तीनदा म्हणून घेतलं, मगच थालीपीठ दिलं. शाळेत आपण हेच करतो ना! अशी दुरुस्ती दिवसातून वीसेक वेळा व्हायची. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की ती मला इंग्रजीतच उत्तर देते, तेही दोन-तीन शब्दांत. एका रात्री लेक भांडी लावता लावता म्हणाली, "आई, रागावू नकोस, पण तू आल्यापासून ती घरात मराठी बोलायची बंद झालीये."

मी काही बोलले नाही. रात्री झोप मात्र लागली नाही.

सप्टेंबर संपत आला की तिकडे लोक सफरचंदाच्या बागेत जाऊन स्वतः फळं तोडतात. पिशवीचे पैसे द्यायचे आणि ती भरायची. आम्हीही गेलो. साडेचार किलो तरी भरली असतील. दोन दिवस खाल्ली, तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कंटाळा आला. शेजारी एक वयस्क अमेरिकन बाई राहतात. त्यांनी ॲपल पायच्या सारणाची कृती एका कागदावर लिहून दिली. पाय म्हणजे मैद्याच्या खुसखुशीत पारीत फळांचं सारण भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ. काही जण फोडी कच्च्याच भरतात. या बाई सारण आधी गॅसवर शिजवून घेतात, कारण कच्च्या फोडी भट्टीत आक्रसतात, वरची पारी फुगलेलीच राहते आणि मध्ये पोकळी पडते. शिवाय सुटलेल्या रसाने खालची पारी ओलसर होते. नात गेल्या वर्षी त्यांच्याकडे हे करताना शेजारी उभी होती. म्हणजे आमच्या दोघींत अनुभवी कोण, तर ती. पण हे मला तेव्हा कुठे सुचलं! मी चाळीस वर्षं साखरांबा करते आहे, मला सफरचंदाच्या फोडी काय शिकवणार?

पातेलं ठेवलं, लोणी घातलं, फोडी, साखर, दालचिनीची पूड. फोडीही मी बटाट्याच्या काचऱ्यांसारख्या पातळ केल्या होत्या. झाकण ठेवलं. कागदावर ८ ते १० मिनिटं लिहिलं होतं. पाचेक मिनिटांनी नातीने झाकण उचलून सुरी टोचून पाहिली आणि म्हणाली, "आजी, स्टॉप. इट्स डन."

मी म्हटलं, "मराठीत सांग."

ती गप्प झाली. माझ्याकडे बघत राहिली, मग पातेल्याकडे. मी तोपर्यंत पाक दाट व्हायची वाट बघत ढवळत होते. ढवळता ढवळता फोडी विरघळायला लागल्या. आणखी तीन-चार मिनिटांत पातेल्यात फोड म्हणून काही उरलं नाही, नुसता लगदा. लहान बाळाला भरवतात तसा.

ती हळूच म्हणाली, "मी सांगत होती."

"होती नाही, होते" हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. ती खरंच सांगत होती. आणि मला पातेल्यापेक्षा भाषा महत्त्वाची वाटली होती. वर्गात असं किती मुलांना मी "पूर्ण वाक्यात सांग" म्हणून गप्प केलं असेल, कोण जाणे.

लगदा वाया गेला नाही, पोळीशी संपला. शेजारच्या बाईंना सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, सफरचंदच चुकलं. आम्ही तोडून आणलेली मॅकिंटॉश जातीची होती. मूळची कॅनडातली ही जात खायला छान, रसाळ, पण गर इतका मऊ की उष्णता लागली की लगेच मोडते. सारणाला आंबट, घट्ट गराचं फळ हवं. ग्रॅनी स्मिथ म्हणतात ते हिरवंगार सफरचंद सगळीकडे मिळतं. आपल्याकडे सफरचंद म्हणजे सफरचंद. फार तर काश्मिरी की सिमल्याचं एवढंच आपण विचारतो. त्यात शिजवायचं वेगळं आणि खायचं वेगळं असतं हे मला साठीत कळलं. फोडीतल्या पेशी एकमेकींना धरून ठेवतं ते पेक्टिन. आंबट फळात ते उष्णतेला जास्त वेळ टिकाव धरतं, म्हणून फोड अख्खी राहते.

दुकानात फळं घेताना मी नातीला सांगितलं की ही जात ऑस्ट्रेलियातल्या मारिया ॲन स्मिथ नावाच्या बाईंच्या मळ्यात १८६८ च्या सुमारास सापडली, म्हणून तिचं नाव ग्रॅनी स्मिथ. ती थांबली. "ग्रॅनी म्हणजे आजी. स्मिथआजी!" त्या दिवसापासून आमच्या घरात ते स्मिथआजीचं सफरचंद.

दुसऱ्या वेळी कागद तिच्या हातात आणि डाव माझ्या हातात. ती वाचायची, मी करायची. सहा मध्यम सफरचंदं, म्हणजे साधारण सहा कप फोडी, बोटाच्या पेरापेक्षा थोड्या पातळ. काळ्या पडू नयेत म्हणून निम्म्या लिंबाचा रस. मग साखर. कागदावर होतं ३/४ कप. तिकडे मोजायच्या कपांचा संच असतो, एक, अर्धा, तिसरा हिस्सा आणि पाव. पाऊणचा कप त्यात नाही. तिने पावचा कप उचलला, तीनदा भरला. मी सहज म्हटलं, "बरोबर, पाऊण कप."

"पाऊण?"

"पाऊण म्हणजे तीन पाव. एकाला पाव कमी."

तिने विचार केला. "वन वर्ड?" तीन चतुर्थांशाला एकच शब्द, तोही एवढासा, हे तिला फार भारी वाटलं. मग सुरूच झालं. एक आणि पाव? सव्वा. एक आणि अर्धा? दीड. दोन आणि अर्धा? अडीच. दोनाला पाव कमी? पावणेदोन. तिने कागदाच्या मागे सगळे लिहून घेतले, इंग्रजी अक्षरांत का होईना. मी तिला सांगितलं की माझ्या वडिलांना शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे पाढेच होते. मला त्यातली पावकी आणि निमकी येते. तिने म्हणायला लावली. मी म्हणून दाखवली, मध्ये एकदा चुकले. तिने काही दुरुस्त केलं नाही, अर्थात तिला कळलंच नसणार.

तिसऱ्या हिश्श्याला एका शब्दात काय म्हणतात, तिथे माझी गाडी अडली. एक तृतीयांश म्हटल्यावर तिने नाक मुरडलं. पण त्यावरूनच दुसरी गोष्ट निघाली. तिच्या गृहपाठात १/३ मोठा की १/४, असा प्रश्न होता आणि चार तीनपेक्षा मोठे म्हणून तिने १/४ मोठा लिहिला होता. आपल्या मुलांचीही नेमकी हीच चूक होते. मी पावचा कप पाण्याने भरून तिसऱ्या हिश्श्याच्या कपात ओतायला सांगितला. कप भरला नाही. ती थोडा वेळ बघत राहिली, मग जाऊन वहीत खोडून आली. फळ्यावर वर्तुळं काढून मी हे वर्षानुवर्षं शिकवलं आहे, इतक्या चटकन क्वचितच कोणाला पटलं असेल.

सारणाकडे वळते, नाहीतर करपेल. फोडींना साखर, चमचाभर दालचिनीची पूड, चिमूटभर जायफळ आणि मीठ लावून वीस मिनिटं ठेवलं की रस सुटतो. पातेल्यात दोन मोठे चमचे लोणी, त्यावर फोडी रसासकट. मध्यम आच, झाकण. या खेपेला तिने सातव्या मिनिटाला सुरी टोचली. म्हणाली, "थोडा अजून." दोन मिनिटांनी परत टोचली. "आता बस." मी लगेच तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर अर्ध्या कप गार पाण्यात कालवून ओतलं. कोरडं टाकलं तर गुठळ्या होतात, हे चायनीज करणाऱ्या आयांना सांगायला नको. खदखदायला लागल्यावर मिनिट-दीड मिनिट तरी ठेवायचं, नाहीतर पिठाची कच्ची चव राहते. पांढुरका रस हळूहळू पारदर्शक, चकचकीत होतो, तेव्हा गॅस बंद. फोडी अख्ख्या होत्या. सुरी आत जात होती, पण फोड मोडत नव्हती.

मला ते बरणीत भरून मुरांब्यासारखं वर्षभर ठेवायचं होतं. लेकीने अडवलं, कॉर्नफ्लोअरचं सारण असं टिकवायला ठेवत नाहीत, फ्रिजमध्ये चार दिवस नाहीतर फ्रीझरमध्ये. ऐकलं. पारीत भरण्याआधी पूर्ण गार होऊ दिलं, कारण गरम सारणाने पारीतलं लोणी वितळतं. पारी आम्ही विकतचीच आणली होती, त्यात कसली फुशारकी नाही.

नातीचं मराठी त्यानंतर एकदम सुधारलं का? नाही. "मी भूक आहे" ती अजूनही म्हणते. मी आता "काय देऊ?" विचारते. मग कधीतरी तीच बोलता बोलता "मला भूक लागली" म्हणून जाते, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. ते जमायला मला फार कष्ट पडतात. ३१ वर्षांची सवय आहे.

परत आल्यावर मी इथल्या सफरचंदांचं करून पाहिलं. बाजारातली लाल डिलिशियसही मूळची अमेरिकेचीच. सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी साधारण शंभर वर्षांपूर्वी हिमाचलातल्या कोटगढकडे ती लावली. गोड आणि ठिसूळ असते, म्हणून लिंबू वाढवावं लागतं, साखर कमी, आणि शिजवायचं जेमतेम पाच मिनिटं. व्हिडिओ कॉलवर फोन गॅसजवळच्या डब्याला टेकवून ठेवला होता. तिकडे सकाळ, ती दूध पीत बघत होती.

मी साखरेची वाटी उचलली. "आजी, पाऊण नको. अर्धी. ती लाल आहे ना."

अर्धी घातली. झाकण ठेवलं आणि फोडणीच्या डब्याशी काहीतरी शोधत बसले.

"आजी! सुरी!"

टोचली.

"बंद कर, बंद कर!"

बंद केला.