गाडी पाणी खाते तेव्हा

आमच्या जळगाव जामोदात गाडी तापली की गिऱ्हाइकाचा संशय तिघांवर असतो: ऊन, घाट आणि आधीचा मिस्तरी. तिसऱ्याबद्दल मी शक्यतो बोलत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या तरी गॅरेजात तो आधीचा मिस्तरी मीच असतो.

ऊन मात्र खरं आहे. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग, त्यात आम्ही घाटाखालचे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. बुलढाण्याला जायचं तर राजूरचा नाहीतर बोथ्याचा घाट, आणि बऱ्हाणपूरला जायचं तर सातपुडा आडवा. तरीही निव्वळ उन्हापायी इंजिन तापत नाही. जाळलेल्या डिझेलची साधारण एक तृतीयांश उष्णता पाण्यात उतरते, आणि ती बाहेर टाकायची सोय करताना गाडी बनवणाऱ्यांनी असल्या उन्हाचा हिशेब आधीच धरलेला असतो. धडधाकट गाडी भर मे महिन्यात, एसी लावून, घाट चढून जाते. चढत नसेल तर आत काहीतरी आधीच बिघडलेलं असतं, उन्हाने ते फक्त उघडं पाडलं.

म्हणून गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी मी विचारपूस करतो. ती बहुधा अशी होते:

“भाऊ, गाडी लय तापून रायली.”

“पाणी कमी होतं का?”

“होते ना. टाकतो मंग रोज सकाळी लोटाभर.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“आणि कोणतं पाणी टाकता?”

“आपलंच, बोअरचं.”

शेवटची दोन उत्तरं ऐकली की निम्मं निदान झालेलं असतं.

कूलंटची वाट बंद असते. पंप, ब्लॉक, हेड, थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि परत पंप. या फेऱ्यात पाणी संपायला काही कारणच नाही. महिनोन्‌महिने पातळी होती तिथेच राहायला हवी. रोज लोटाभर लागतंय म्हणजे रोज लोटाभर कुठेतरी जातंय, आणि ते कुठे जातंय हे न शोधता नुसतं भरत राहणं म्हणजे दुखणं पोसणं. त्यात आमच्याकडचं पाणी.

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. आमच्या तालुक्याचा पूर्णेकडचा भाग त्यात येतो. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत किडनीचे आजार आणि हे पाणी यांचं नाव वर्षानुवर्षं एकत्रच घेतलं जातं. वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आली ती याच पाण्याला पर्याय म्हणून. माणसाने पिऊ नये असं ज्या पाण्याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे, ते रेडिएटरमध्ये मात्र बिनदिक्कत ओतलं जातं.

आत काय होतं ते सांगतो. पाणी तापून वाफ होऊन निघून जातं, क्षार मागे राहतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा लोटाभर पाणी, पुन्हा क्षार. बोअरच्या पाण्याच्या हंड्याला आतून बसतो तसा पांढरा थर हेडमधल्या बारीक वाटांना आणि रेडिएटरच्या नळ्यांना बसत जातो. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता जितक्या सहज जाते, त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही ती या थरातून जात नाही. शिवाय खारट पाण्यातलं क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं. आता घरोघरी आरओ आलेत. शुद्ध झालेलं पाणी माणसं पितात आणि दुसऱ्या नळीतून बाहेर पडणारं पाणी ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून गाडीला ठेवतात. त्या टाकाऊ पाण्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात. एवढं अचूक उलटं काम मुद्दाम ठरवून करता येणार नाही.

असो. निदानाकडे वळू.

गाडी कुठे तापते हा माझा पुढचा प्रश्न. बाजारात, सिग्नलला, फाटकापाशी उभी असताना तापत असेल आणि रस्त्याला लागल्यावर काटा खाली येत असेल, तर पंखा बघायचा: मोटर, रिले, फ्यूज. पंखा बेल्टवरचा असेल तर त्याचा व्हिस्कस क्लच. उलट गावात ठीक आणि नांदुऱ्याच्या पुढे हायवेला लागून ऐंशीने पळवली की तापत असेल, तर पाण्याचं फिरणं कमी पडतंय. म्हणजे रेडिएटर आतून चोक, किंवा पंपाची पाती झिजलेली, किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा. फक्त माल भरून चढावर तापत असेल तर मी जरा गंभीर होतो.

सोयाबीनची मळणी उरकत येते तेव्हा कापूस वेचणी सुरू असते. या दिवसांत एक साधं कारण सगळ्यांत आधी बघावं. एसीचा कंडेन्सर आणि त्याच्यामागचा रेडिएटर यांच्यात बोटभर फट असते. तिथे भुसा आणि कापसाचा पिंजा अडकून अक्षरशः गादी तयार होते. पुढून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. ती काढायची तर पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारायचं, तेही हलक्या धारेने. वॉशिंग सेंटरचं प्रेशर जवळून मारलं की पातळ फिन्स आडव्या होतात आणि हवेची उरलीसुरली वाटही बंद होते.

पाणी जातंय कुठे याचा शोध मात्र थंड गाडीवरच. मी गाडी रात्रभर ठेवून घेतो. सकाळी स्टार्ट करायच्या आधी वरचा होज पाईप हाताने दाबून बघायचा. रात्रभर थंड झालेल्या गाडीचा होज मऊ लागायला हवा. तो टणक लागला तर आत दाब धरून आहे, आणि थंड पाण्याला स्वतःचा दाब नसतो. तो इंजिनातल्या जळलेल्या गॅसचा असतो.

मग झाकण. रेडिएटरच्या झाकणाला लोक बाटलीचं बूच समजतात. त्यात स्प्रिंग आणि रबर असतं आणि ते साधारण ०.९ ते १.१ बारपर्यंत दाब धरून ठेवतं. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळतं, एवढ्या दाबाखाली ते १२० च्या आसपास जाऊन उकळतं. निम्मं ग्लायकॉल असलेलं कूलंट तर १२९ अंशांच्या आसपास. झाकणाचं रबर कडक झालं की ही सगळी राखीव ताकद गेली. पाणी लवकर उकळतं, डब्यात उडतं, डब्यातून रस्त्यावर. मग हजारोंचा रेडिएटर बदलला जातो आणि जुनं झाकण पुसून नव्या रेडिएटरवर बसवलं जातं. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता राग येत नाही.

झाकण ठीक निघालं की त्याच्या जागी हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतो आणि चहा सांगतो. चहा येऊन संपेपर्यंत काटा हलला नाही तर बाहेर गळती नाही. हलला तर टॉर्च घेऊन शोधायचं. थेंब दिसेलच असं नाही, गरम इंजिनावर तो पडायच्या आत वाळतो. दिसतो तो मागे राहिलेला पांढरट, गुलाबी किंवा हिरवा डाग. वॉटर बॉडीच्या, म्हणजे पंपाच्या, खाली एक बारीक भोक असतं, सील गेलं की तिथून ओघळ येतो. ब्लॉकच्या डमी, म्हणजे भोकं बुजवणारी पत्र्याची बुचं, गंजतात. क्लिपखाली होज कापला जातो. डाव्या सीटखालचं कार्पेट ओलं आणि काचेवर गोडसर वासाचं धुकं, म्हणजे हीटरची जाळी फुटली. आणि हल्लीच्या रेडिएटरला वरखाली प्लास्टिकच्या टाक्या असतात. त्या अ‍ॅल्युमिनियमला जिथे दाबून बसवल्या आहेत तिथे केसासारखी चीर पडते. थंड असताना ती मिटते, गरम झाली की उघडते.

अशी एक चीर लक्षात राहिली आहे. अक्षय्य तृतीयेला आमच्या तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी येतात, आणि परतीच्या उन्हात काही गाड्या माझ्याकडे. त्यातली एक. नवी, तापमानाचा काटाच नसलेली. थंड असताना निळा दिवा, जास्त तापली की लाल, बस. चालवणारा शपथेवर सांगत होता की लाल दिवा लागलाच नाही. तो खरं बोलत होता. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. टाकीच्या चिरेतून सगळं पाणी निघून गेल्यावर तो कोरड्या हवेत लटकत राहिला आणि ‘सगळं ठीक’ असं कळवत राहिला. तोवर इंजिन खडखडायला लागलं होतं. हीटरची हवा मात्र गार येत होती म्हणे, ते त्यांच्या लक्षात आलं पण अर्थ लागला नाही. इंजिन गरम आणि हीटर गार, म्हणजे आत पाणी नाही. काट्यावर जितका विश्वास ठेवावा त्याहून जास्त या खुणेवर ठेवावा.

बाहेर काहीच सापडलं नाही, प्रेशरचा काटाही हलला नाही, तरी पाणी कमी होतंय, तेव्हा गाडी पाणी खाते. एक पिकअप अशीच आली होती. बऱ्हाणपूरहून केळी भरून सातपुडा चढताना तापायची, सपाटीवर तक्रार नाही. खाली थेंब नाही. सकाळी होज टणक. झाकण काढून स्टार्ट केली तर रेडिएटरच्या तोंडाशी बारीक बुडबुड्यांची माळ, थांबायचं नाव नाही. वर टेस्टिंगची नळी धरली. तिच्यातलं निळं पाणी जळलेला गॅस लागला की रंग बदलतं. ते हिरवट होत पिवळ्याकडे गेलं. हेड गॅस्केट.

हेड उघडलं. तीन पिस्टनांच्या माथ्यावर काजळी आणि एक लख्ख, वाफेने धुतलेला. पाणी कोण पीत होतं ते विचारायची गरज उरली नाही. त्याच्या शेजारी गॅस्केटची कड जळून काळी. पण मी ड्रायव्हरला दाखवली ती दुसरी जागा. ब्लॉकमधून हेडमध्ये पाणी जायची जी भोकं असतात, त्यातली दोन पांढऱ्या थराने जवळजवळ बुजलेली. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर कवच निघालं, अंड्याच्या टरफलासारखं कडक. हेडवर सरळपट्टी ठेवून खालून फीलर गेज घातला: मध्यभागी ०.१० मिलिमीटरची पाती सरकन आत गेली. बऱ्याच कंपन्या ०.०५ च्या वर गेलं की हेड नापास करतात.

तो म्हणत होता, गॅस्केट टाका आणि द्या. गॅस्केट टाकलं असतं तर पुढच्या उन्हाळ्यात तेच. आधी वाटा बुजल्या, त्या जागी हेड जास्त तापून वाकलं, मग गॅस्केट जळलं. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे बिडाच्या ब्लॉकवर कसून बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचा असमान तापण्याने घात होतो. हेडला खामगावहून फेस मारून आणला, बोल्ट नवे घातले, मधून बाहेर अशा क्रमाने टॉर्क रेंचने कसले. थर काढायला लिंबाच्या सत्त्वाचं सौम्य पाणी फिरवलं आणि स्वच्छ पाण्याने अनेकदा धुतलं. संडास साफ करायचं अ‍ॅसिड या कामाला वापरणारे महाभाग आहेत. ते थरही खातं आणि अ‍ॅल्युमिनियमही.

प्रत्येक वेळी गॅस्केटच असतं असंही नाही. नव्या डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत जाणारा धूर पाण्याने गार करणारा भाग, फुटला तरी पाणी सायलेन्सरवाटे पांढरा धूर होऊन जातं, ऑइल स्वच्छ राहतं. हेड उघडायच्या आधी तो तपासावा, मोठा खर्च वाचतो.

आमच्या धंद्यातल्या एका सवयीवर मात्र माझा कायमचा राग आहे. गाडी तापते? थर्मोस्टॅटचा व्हॉल काढून फेका. काही इंजिनांत व्हॉल काढला की बायपासची वाट उघडीच राहते, मग गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतो आणि गाडी जास्तच तापते. बाकी इंजिनं थंड चालतात, डिझेल जास्त पितात, ऑइल खराब करतात. व्हॉल साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो. पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटर लावला की खरंखोटं कळतं. बिघडला असेल तर नवा घाला. हळदीवर मात्र माझा राग नाही. जंगलात अडकलेल्या ट्रकवाल्याने बारीक गळतीला रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकून गाव गाठलं तर त्याचं कौतुकच आहे. फक्त गावात आल्यावर ती काढून टाकावी.

रस्त्यात तापली तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, पंखा जोरात, आणि बाजूला घ्यायची. झाकणाला अर्धा तास तरी हात लावायचा नाही. भाजलेले हात आणि चेहरे मी पाहिलेत. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर ब्लॉकला किंवा हेडला तडा जाऊ शकतो. भरायची वेळ आलीच तर गावोगाव मिळणाऱ्या जारचं पाणी चालेल. घरी मात्र डिस्टिल्ड वॉटर. ते इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी पाच लिटरच्या कॅनमध्ये प्रत्येक दुकानात मिळतं. कूलंट गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घ्या, रंग बघून नको. हिरवं आणि गुलाबी हे रंग कंपनीगणिक बदलतात.

भरताना गाडीचं तोंड चढाला करायचं, हीटर चालू ठेवायचा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करायचा आणि सावकाश ओतायचं. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवायची. मग रात्रभर थंड होऊ द्यायची. पिकअपवाल्याला मी सांगितलं, सकाळी पातळी बोटभर खाली गेलेली दिसेल, ती आत अडकलेल्या हवेची जागा, तेवढी कॅनमधून भर. परवा पुन्हा गेली तर गाडी इकडे घेऊन ये. त्याने कॅन सीटमागे टाकला आणि विचारलं, “मंग घरच्या आरओचं निघालेलं पानी कशाले वापरू?”

अंगणात सडा टाक म्हटलं. झाडालाही घालू नको.