दुसऱ्यांची कागदपत्रं

‘माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?’ हे वाक्य मी अनेक वर्षं मोठ्या ऐटीत फेकत आलो. इथे सिंगापूरला शिकायला आलेल्या भाच्याने एकदा लॅपटॉप एन्क्रिप्ट करून घे म्हणून सुचवलं, तेव्हा ‘मी काय स्मगलर आहे?’ असं विचारून त्याला गप्प केलं होतं. शिवाय असलं काही कामाचं नसतं याचे पुरावेही हाताशी होते. २०१४ च्या मे महिन्यात ‘ट्रूक्रिप्ट’ या एन्क्रिप्शनच्या गाजलेल्या प्रोग्रामच्या कर्त्यांनी ‘हे वापरणं सुरक्षित नाही’ अशी पाटी लावून एकाएकी गाशा गुंडाळला. २०१८ मध्ये इथल्या सिंगहेल्थ या रुग्णालयसमूहातून १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली, त्यात खुद्द पंतप्रधानांचीही. तिथे आपली काय कथा, असं मी म्हणायचो.

मग ताई आणि दाजी नाशिकहून आले. एका शनिवारी त्यांना बाताम बेटावर धाडायला मी हार्बरफ्रंटच्या फेरी टर्मिनलवर गेलो. पासपोर्ट, तिकिटं, दाजींची टोपी, सगळं जागेवर आहे ना ते दोनदा पाहिलं. बोट सुटल्यावर सियाह इमच्या फूड सेंटरमध्ये निवांत चहा प्यायलो आणि घरी आलो. रात्री नऊला लक्षात आलं, खांद्यावर लॅपटॉपची बॅग नाही.

सिंगापूरमध्ये टेबल अडवायला लोक कागदी रुमालाचं पाकीट ठेवून जातात, काहीजण तर चक्क फोन. बॅग मिळणार याची मला जवळजवळ खात्री होती. आणि मिळालीही, दुसऱ्या दिवशी दुपारी, चार्जरसकट. कुणीतरी काउंटरवर नेऊन दिली होती. म्हणजे या गोष्टीत चोर नाहीच. आहे ती मधली रात्र.

त्या रात्री अंथरुणावर पडून मी लॅपटॉपचे फोल्डर मनातल्या मनात उघडत होतो. आईचा बायॉप्सीचा रिपोर्ट. ताईच्या शेताचा सातबारा आणि भावाभावांतल्या वाटणीचा कच्चा मसुदा, जो दाजींच्या धाकट्या भावाने अजून पाहिलेला नाही. सगळ्यांचे पॅन, आधार. एका मित्राच्या घटस्फोटाचे हिशेब, मी अकाउंटंट म्हणून त्याने विश्वासाने दिलेले. आणि ‘पासवर्ड नवीन’ नावाची एक्सेल फाइल, जिच्याबद्दल न बोललेलंच बरं. माझं स्वतःचं म्हणावं असं त्यात फारसं नव्हतं. लपवायला काही नाही हे खरंच होतं, फक्त ते माझ्यापुरतं. बाकीच्यांना मी कधी विचारलं होतं?

‘लॉगिनला पासवर्ड आहे की,’ असा धीर मी स्वतःला देत होतो. बॅग परत आल्यावर भाच्याने तोही काढून घेतला. लॅपटॉप बंद केला, एक पेनड्राइव्ह लावला, त्यावरून दुसरीच सिस्टिम चालू केली आणि दहा मिनिटांत आईचा रिपोर्ट स्क्रीनवर आणला. पासवर्ड कुणी विचारलाच नाही. ‘मामा, तो पासवर्ड विंडोजचा आहे, डिस्कचा नाही. डिस्कवर सगळं साध्या अक्षरांतच पडलंय.’

माझी शेवटची शंका बावळट होती, पण प्रामाणिक होती: ज्या पद्धतीने एन्क्रिप्ट करतात ती पद्धतच जगजाहीर असेल, तर गुपित राहतं कसं? लहानपणी ताई आणि मी आईसमोर ‘च’ची भाषा बोलायचो, ‘कागद’चं ‘चागदका’. आईला नियम कळला आणि दोन दिवसांत आमचं राज्य खालसा झालं. एन्क्रिप्शनच्या एईएस पद्धतीचं तसं नाही. दोन बेल्जियन क्रिप्टोग्राफरांची ही पद्धत खुल्या स्पर्धेतून निवडली गेली आणि २००१ मध्ये प्रमाण म्हणून छापलीही गेली. नियम कुणीही वाचावा. गुपित फक्त किल्लीत. ट्रूक्रिप्टचंही पुढे स्वतंत्र परीक्षण झालं होतं, २०१५ मध्ये, आणि त्यात मुद्दाम ठेवलेलं चोरदार सापडलं नव्हतं. मी पाटी वाचली होती, परीक्षण नाही.

माझ्या विंडोजमध्ये बिटलॉकर आधीपासूनच होतं, फक्त चालू करायचं होतं. निवडक फाइली कुलपात टाकण्यापेक्षा सगळी डिस्कच घेतली, कारण फाइल पुसली तरी तिचा माग मागे उरतो. सिंगहेल्थसारखी नेटवर्कमधून होणारी चोरी याने थांबत नाही, चालू लॅपटॉप उघडा टाकून गेलो तरी उपयोग नाही. हरवलेल्या बॅगेवर मात्र हाच उपाय. आणि हो, कपाटातली बॅकअपची हार्डडिस्क! तीन वर्षांचं सगळं तिच्यात, उघडं. तीही घेतली.

राहिली ती ४८ आकडी रिकव्हरी किल्ली. ती हरवली आणि मशीन अडून बसलं तर आईचे रिपोर्ट मलाही मिळायचे नाहीत, आणि मला काही झालं तर कुणालाच नाहीत. ही भीती पूर्वीच्या भीतीपेक्षा मोठी निघाली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट मी दोन कागदांवर लिहिले. एक बायकोकडे दिला, दुसरा ताईबरोबर नाशिकला, सातबाऱ्याच्या मूळ प्रतीखाली ठेवायला.

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. ‘तुझा तो आकड्यांचा कागद फार पातळ आहे रे. लॅमिनेट करून घेऊ का?’

मी घाईघाईने नको म्हणालो. पलीकडून झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता.