जीर्णोद्धार

गेल्या चैत्रात आमच्या देवस्थानच्या महाजनांची सभा भरली. विषय एकच होता: सभामंडपाचे कौलारू छप्पर उतरवून त्या जागी काँक्रीटचा स्लॅब घालावा की नाही. विषयपत्रिकेवर मात्र 'जीर्णोद्धार' हा शब्द छापला होता. एरवी हा शब्द ऐकला की मन प्रसन्न होई. त्या दिवशी ते दचकले. कारण याच शब्दासाठी मी पूर्वी एकदा हात वर केला होता, आणि त्याचा हिशेब अजून चुकता झालेला नव्हता.

ती गोष्ट २००९ सालची. देवळाच्या उजव्या अंगाला आमची जुनी अग्रशाळा होती. दूरदूरच्या कुळाव्यांनी यावे, देवीची ओटी भरावी आणि रात्री तेथे पथारी टाकावी, असा परिपाठ. दीड हात जाडीच्या चिऱ्यांच्या भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा, शेणाने सारवलेली जमीन आणि वर उतरते छप्पर. माझ्या बालपणीच्या जत्रांच्या कितीतरी रात्री त्या छपराखाली गेल्या. परंतु अग्रशाळा गळू लागली होती. रिपांना वाळवी लागली होती, आढ्याला वटवाघळे लोंबत होती, आणि पावसाळ्यापूर्वी कौले परतावयास माणूस मिळत नव्हता. कंत्राटदाराने सांगितले, "एकदा स्लॅब घाला, पन्नास वर्षे वर पाहावयास नको." आम्हांला तेच हवे होते. ठराव आला आणि मी हात वर केला.

नवी अग्रशाळा चकचकीत झाली. पुढच्या वैशाखात बेळगावाकडील एक कुटुंब उतरले होते. मध्यरात्री त्यांतील वृद्ध आजी वळकटी काखेत घेऊन सभामंडपाच्या सोप्यावर येऊन निजल्या. पहाटे मी विचारले, तेव्हा संकोचाने म्हणाल्या, "आत जीव घाबरतो हो. देवीच्या पायथ्याशी गार वाटते." मला वाटले, वयामुळे असेल. परंतु त्या उन्हाळ्यात जो जो उतरला, तो तो रात्री बाहेर येऊन निजू लागला.

कारण साधे होते. काँक्रीटचा सपाट स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खाली सोडतो. कौलांचे तसे नाही. तापलेली हवा वर चढते आणि कौलाकौलांमधल्या फटींतून निघून जाते. पावसाळ्यातली गोष्ट याहून वाईट. आमच्याकडे वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अशा मुलखात छप्पर उतरते का असते, हे शाळकरी मुलालाही कळावे. स्लॅबवर पाणी तुंबले, आत मुरले, लोखंडी सळ्या गंजून फुगल्या आणि छताचे पोपडे पडू लागले. शेवटी समितीने त्या स्लॅबवर लोखंडी खांब उभारून उतरते पत्रे घातले! गोव्यात आज असे पत्र्याचे टोप घातलेले स्लॅब गावोगाव दिसतात. ज्या उताराची आम्हांला लाज वाटली होती, तोच दुप्पट खर्चाने पुन्हा डोक्यावर घ्यावा लागला.

तेव्हापासून मी जुन्या बांधकामाकडे नव्या दृष्टीने पाहू लागलो. चिरा पाहा. फ्रान्सिस बुकानन या इंग्रज राजवटीतील वैद्याने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटराइट' हे नाव दिले. खाणीत असताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने तासता येतो, आणि वारा-ऊन लागले की कठीण होत जातो. त्याच्या अंगी छिद्रे असतात. तो ओल घेतो आणि सोडतो. म्हणून त्याच्यावर गिलावाही तसाच श्वास घेणारा हवा, आणि तो गुण चुन्यात आहे. खाडीतल्या शिंपल्या भाजून, विरवून, घाणीत मळून केलेला चुना भिंतीवर चढला की हवेतला कर्बवायू हळूहळू शोषून पुन्हा दगडासारखा होतो. भट्टीत शिंपल्यांनी जो वायू सोडला, त्यातला बराचसा असा परत घेतला जातो. उलट जगातील एकूण कर्बवायूच्या उत्सर्जनापैकी सुमारे आठ टक्के एकट्या सिमेंटच्या उद्योगातून होते, असे जाणकार सांगतात.

तथापि जुने ते सारे पवित्र, असे म्हणणे लबाडीचे होईल. चिऱ्यांच्या खाणींनी आमच्या सड्यांना किती खोल जखमा केल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कौलांच्या भट्ट्यांनी रानेच्या रान जाळले. सभामंडपाचे खांब फणसाचे आहेत. ते झाड कोणीतरी पाडलेच होते. घर बांधणे म्हणजे भूमीकडून काही काढून घेणे. त्यातून सुटका नाही.

हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी लाकूड आणावयास वनात कसे जावे, याचा एक स्वतंत्र अध्याय आहे. आधी झाडाची पूजा करावयाची, त्याच्या आश्रयाने राहणाऱ्या भूतांना बली द्यावयाचा, त्यांनी दुसरीकडे वास करावा अशी प्रार्थना करावयाची आणि मगच कुऱ्हाड चालवावयाची. आजचा वाचक याला भाबडेपणा म्हणेल. मला त्यात एक कडक व्यवहार दिसतो. ज्याला झाडाची क्षमा मागावी लागते, तो विनाकारण दुसरे झाड पाडीत नाही. आणि पाडलेल्या झाडाचा खांब शंभर वर्षे उभा राहील याची काळजी घेतो. पहाटे अंथरुणावरून उठताना भूमीला पाय लावण्याबद्दल तिची क्षमा मागणारे आपण लोक. देवळाचा पाया खणताना भूमिपूजन करतो आणि त्याच संध्याकाळी धड उभी भिंत पाडतो, याची संगती कशी लावावयाची?

आणि आमच्या देवांना डामडौलाची सवय तरी कोठे होती? सोळाव्या शतकात कुठ्ठाळीहून मंगेश, केळोशीहून शांतादुर्गा, वेर्ण्याहून म्हाळसा आपापले घर सोडून खाडीपलीकडे अंत्रुज महालात आल्या. ज्या मातीने आश्रय दिला, तिच्याच चिऱ्यांची, तिच्याच लाकडांची घरे भक्तांनी पुढे त्यांना बांधली. नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पाहा. शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्याचा जीर्णोद्धार करविला. तीच वास्तू दुरुस्त होऊन २०२३ साली पुन्हा दर्शनाला खुली झाली. जीर्णाचा उद्धार करावयाचा तर ते जीर्ण आधी उरले पाहिजे.

असो. सभेची हकिगत राहिली. या वेळी मी एकच विनंती केली: ठरावापूर्वी म्हाताऱ्या मेस्ताला बोलवा. तो आला. प्रत्येक खांबापाशी बसून त्याने मुठीने ठोकून पाहिले, कान लावला, बुंध्याशी टोचणी खुपसली. सोळांपैकी दोन खांब पायाशी कुजले होते, वासे नऊ गेले होते. बाकीचे दाखवीत तो म्हणाला, "बाब, हें लांकूड अजून जितें आसा."

मग वाद झाला. एका सद्गृहस्थांनी स्लॅबसाठी मोठी देणगी देऊ केली होती. प्रवेशद्वारावर संगमरवरी फलक लागावयाचा होता. दुरुस्तीला फलक नसतो. बदललेल्या नऊ वाशांवर कोणाचे नाव कोरावयाचे? तरुण महाजनांपैकी एकजण मला उद्देशून म्हणाला, "काका, दरवर्षी छपरावर चढणार कोण? तुम्ही?" प्रश्न रास्त होता. मी उभा राहिलो आणि २००९ चे सारे सांगितले. अग्रशाळेसाठी मी हात वर केला, तो श्रद्धेने केला नव्हता. वर पाहण्याचे कष्ट टळावेत म्हणून केला होता, हेही सांगितले. माझा आवाज कापत होता. देवीसमोर बसून खोटे बोलता येत नाही, एवढेच त्याचे कारण.

ठराव दुरुस्तीचा झाला, तोही एका मताने. देणगी परत गेली. काही घरांशी आमचे बोलणे अजून पूर्वीसारखे नाही. घरटी वर्गणीतून दोन खांबांना खालून नवे फणसाचे तुकडे सांधले, वासे बदलले. परंतु अर्ध्या पाख्याची कौले बदलण्यापूर्वीच पैसे संपले आणि पाऊस आला.

आषाढातल्या एका संध्याकाळी आरतीला सभामंडपात उभा होतो. छपरावर पावसाचा गजर चालला होता आणि एका कोपऱ्यात टपटप थेंब पडत होते. कोणीतरी खाली तांब्याची घागर ठेवली होती. आरती संपली तेव्हा मला सभेत प्रश्न विचारणारा तो तरुण मेस्ताच्या शेजारी उभा राहून वर पाहत होता. नेमके कोणते कौल सरकले आहे, ते म्हातारा त्याला बोटाने दाखवीत होता. "उघडीप पडली की चढतो," तो म्हणाला. मग त्याने घागर उचलली आणि तुळशीवृंदावनात रिकामी करून पुन्हा जागेवर आणून ठेवली.