मोटारसायकलचा प्लग

मुलामुलींनो, आपल्या उमापुरात आता पुष्कळ घरी मोटारसायकली आहेत. शेताला, बाजाराला, गेवराईला जायला तीच लागते. पण तिचा प्लग किती जणांनी पाहिला आहे? प्लग म्हणजे बोटाएवढी वस्तू. वर पांढरी चिनीमाती व खाली आटे असतात. टोकाला मधोमध एक बारीक खांब आणि त्याच्यावर वाकलेली दांडी असते. दोन्हींच्या मध्ये फट असते. त्या फटीत ठिणगी उडते व इंजिनातले पेट्रोल पेटते.

गुरुजींनी सांगितले, की असा जास्त दाबाच्या विजेचा प्लग १९०२ साली जर्मनीत बॉश यांच्या कारखान्यातील होनोल्ड नावाच्या इंजिनिअरने बनवला. आताच्या गाड्यांचे इंजिन दोनदा फिरले की पेट्रोल एकदा पेटते. मिनिटाला ३००० फेरे झाले तर ते १५०० वेळा पेटते. एवढे काम केल्यावर प्लग झिजणारच. ठिणगी धातू खाते, म्हणून फट वाढत जाते. मग थंडीत गाडी लवकर चालू होत नाही.

आमचे काका सकाळी गाडीवर दूध घालायला जातात. मागच्या थंडीत एक दिवस किक मारून मारून काका घामाघूम झाले, पण गाडी चालू होईना. दुधाचा टेम्पो निघून गेला. दोन कॅन दूध घरीच राहिले. आजीने त्याचे विरजण लावले. पण दुधाच्या पैशावर म्हशीची पेंड येते. त्या आठवड्याला पेंड कमी आली. तेव्हापासून काका महिन्याला प्लग काढून बघतात आणि मी शेजारी बसतो.

प्लग काढायची रीत अशी आहे. इंजिन गार होऊ द्यावे. प्लगची टोपी ओढून काढावी. भोवतालची धूळ फडक्याने पुसावी, नाहीतर ती आत पडते. मग प्लगपान्याने प्लग उलटा फिरवून काढावा. टोक चहासारखे तांबूस असले तर इंजिन चांगले आहे. कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त जाते किंवा एअर फिल्टर धुळीने भरला आहे. ओले व तेलकट असले तर आत ऑईल जळते. पांढरेफटक असले तर इंजिन फार तापते.

काजळी काका पितळी ब्रशने काढतात व प्लग वाळवतात. मग फट मोजायची. पुष्कळ गाड्यांना ०.७ ते ०.८ मि.मी. फट लागते. आपल्या फूटपट्टीवरच्या सगळ्यात लहान घरापेक्षाही ती कमी आहे. दाढीचे ब्लेड ०.१ मि.मी. जाड असते, म्हणजे सात-आठ ब्लेडांएवढी. काकांना जवळचं नीट दिसत नाही. म्हणून गेजची पट्टी मी घालून बघतो. ती जराशी घासत गेली पाहिजे. काका म्हणतात, "दांडी हळूच दाब, पर मधल्या खांबाला हात लावू नको. चिनीमाती तडकली की प्लग गेला!"

बसवताना आटे आधी हातानेच फिरवावेत. आत ॲल्युमिनियम असते, आटे लगेच खराब होतात. हाताने बसला की पान्याने थोडेच आवळावे. दांडी फार झिजली किंवा चिनीमाती तडकली तर नवा प्लग घ्यावा, पण गाडीच्या पुस्तकात दिलेल्या नंबराचाच. टोपी हातात धरून कोणी किक मारू नये. तिच्यात हजारो व्होल्टची वीज येते.

वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे. बजाजच्या पल्सर गाडीला २००३ सालापासून दोन प्लग आले. तसल्या गाडीचे दोन्ही बघावे लागतात.

भित्तिपत्रिका वाचायला आलेल्या पालकांनो, बाहेर तुमच्या गाड्या उभ्या आहेत. त्यांचा प्लग शेवटी कधी काढला होता, ते जरा आठवून पाहा.

— इयत्ता ४ थी