पानाचा डबा

आमच्या ओसरीवर पितळेचा पानाचा डबा असे. आल्यागेल्यास विडा देणे हा गृहस्थाचा शिष्टाचार; म्हणून चुना, कात, सुपारी यांच्या शेजारी एका कप्प्यात तंबाखूही असे. ती संपली म्हणजे दुकानातून आणावयास आम्ही घरातील मुलासच धाडीत असू. यात काही अनुचित आहे, असे आमच्या मनास कधी शिवले नाही. शाळेत मात्र व्यसनांवर बोलताना 'कुसंगती' हे आमचे ठरलेले उत्तर असे.

१९९६ साली आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलाच्या दप्तरात तंबाखूची पुडी सापडली. वय अवघे तेरा. "कोणी शिकविले?" असे दरडावून विचारता तो मान खाली घालून म्हणाला, "काका, तुमच्यासाठी आणायला जायचो ना, तेव्हाच." उगारलेला हात आम्हांस तसाच खाली घ्यावा लागला.

मग एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. त्याची आई वारल्यास वर्ष झाले होते. परीक्षेत तो नापास झाला, तेव्हा सर्वांनी बोल लावले. परंतु त्याच्याजवळ बसून विचारपूस कोणीच केली नाही. माणसांनी भरलेल्या घरात ते पोर एकटे होते.

पुढे आम्ही या विषयावर वाचले. मोहास आवर घालणारा मेंदूचा पुढील भाग पंचविशीच्या सुमारापर्यंत पक्व होत राहतो. सुखाची ओढ मात्र किशोरवयातच बळावते. कठोपनिषदात इंद्रियांस घोडे आणि बुद्धीस सारथी म्हटले आहे. या वयात घोडे तरणे आणि सारथी अजून शिकाऊ, अशी स्थिती असते. म्हणूनच जो लवकर आरंभ करतो, त्यास व्यसन जडण्याचा धोका अधिक. काही भाग आनुवंशिकतेचा. उरलेला घरातील वडीलधाऱ्यांच्या अनुकरणाचा, पदार्थ सहज हाती येण्याचा, अभ्यासातील अपयशाचा आणि न बोललेल्या दुःखाचा. सोबत्यांचा वाटा असतोच. पण एकट्या पडलेल्या मुलास ती सोबत अधिक गोड लागते.

२००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांस तंबाखू विकण्यास, तसेच शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत ती विकण्यास बंदी झाली. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. हे सर्व योग्यच. तथापि, आडातच असेल तर पोहऱ्यात का येणार नाही?

त्या दिवशी डब्यातील तो कप्पा आम्ही रिकामा केला, आणि रोज सायंकाळी पुतण्यास घेऊन फिरावयास जाऊ लागलो. पहिले काही दिवस तो बोलला नाही. एके दिवशी आईविषयी बोलू लागला, तो थांबेचना. त्याची सवय वर्षभरात सुटली. आमची सुटण्यास तीन वर्षे लागली. जी वस्तू प्रौढ माणसास सोडविता सुटत नाही, ती आम्ही एका पोराच्या हाती देत होतो.

सुज्ञ वाचकांस इतकीच विनंती, की मुलाचे दप्तर तपासण्यापूर्वी त्यांनी आपल्या ओसरीवरचा डबा एकवार उघडून पाहावा.