देवळालीच्या स्वयंभू संख्या आणि माझी एक रात्र

नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ शाळामास्तरकी करणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचे नाव निघाले की ६१७४ चा उल्लेख होतोच. मला मात्र त्यांच्या स्वयंभू संख्यांनी अधिक छळले.

संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा : २१ + २ + १ = २४. येथे २१ हा २४ चा जनक. ज्या संख्येला जनकच नाही, ती स्वयंभू. त्र्यंबकेश्वराच्या जिल्ह्याला शोभेल असाच शब्द! ३१ तशी आहे. शिवाय ती मूळ संख्याही आहे.

एका रात्री मी ३१ द्विमान पद्धतीत तपासली. २८ म्हणजे १११००. त्यात तीन एक. २८ + ३ = ३१. जनक सापडला! मूळपण अबाधित होते, ते कोणत्याही पायात टिकते. स्वयंभूपण मात्र गेले. समकालीन गणितज्ञ कापरेकरांचे काम करमणूक समजत, ते खरेच होते की काय? मित्रहो, त्या रात्री मी खरोखर खट्टू झालो.

मग सहज ३१ उलटवून १३ घेतली. दशमानात तिचा जनक ११. द्विमानात मात्र १० पासून १२, ११ पासून १४, १२ पासूनही १४. तेराला कोणीच जन्म देत नाही!

पाया ३ घेतला तर गंमतच. तीनचे सर्व घात विषम, म्हणून संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज दोन्ही सम किंवा दोन्ही विषम. मिळवणी नेहमी सम. तेथे २ सोडून प्रत्येक मूळ संख्या स्वयंभू. दशमानात दोन अंकी मूळ संख्यांत अशा तीनच : ३१, ५३, ९७.

निवृत्तीनंतरच्या वर्षी, १९६३ मध्ये, कापरेकरांनी या संख्यांवरची पुस्तिका देवळालीहून स्वतःच प्रसिद्ध केली.