टपाल वाटणारा गायक

पोस्टमन गाणी रचतो असे कुणी सांगितले तर आपल्याकडे लोक हसतील. आणि तो सरकारी नोकरी सोडून नुसता गाणारच आहे असे कळले, तर त्याच्या आईचे सांत्वन करायला जातील. अमेरिकेत जॉन प्राइनने नेमके हेच केले.

जॉनचा जन्म १९४६ सालचा, शिकागोजवळच्या मेवुडचा. आईवडील मूळचे केंटकी राज्यातल्या पॅरडाइज नावाच्या खेड्याकडचे. पोटासाठी उत्तरेला आलेले. 'कंट्री' म्हणजे तिकडच्या दक्षिणेतल्या कष्टकऱ्यांचे गाणे. ते घरात होतेच. गिटार थोरल्या भावाने शिकवली. मधली लष्करातली सक्तीची सेवा सोडली, तर ऐन तारुण्याची काही वर्षे त्याने टपाल वाटण्यात घालवली. दारोदार फिरता फिरता तो मनाशी ओळी जुळवीत असे.

त्या ओळींत होते कोण? 'सॅम स्टोन'मध्ये युद्धावरून परतून मॉर्फिनच्या आहारी गेलेला शिपाई. 'हॅलो इन देअर'मध्ये कुणीतरी बोलावे म्हणून वाट पाहणारे म्हातारे जोडपे. 'पॅरडाइज'मध्ये कोळशाच्या खाणींनी गिळलेले ते आईवडिलांचे गाव. पंचविशीच्या आतल्या मुलाला म्हातारपण कसे कळले? मला वाटते, रोज ज्यांची दारे वाजवावी लागतात, त्यांची माणसे आपोआप कळू लागतात!

१९७० मध्ये रॉजर एबर्ट हे चित्रपट-समीक्षक एक चित्रपट अर्धवट टाकून बिअर प्यायला एका क्लबात शिरले. तिथे जॉन गात होता. त्यांनी चित्रपटाऐवजी या गाणाऱ्या पोस्टमनवरच 'शिकागो सन-टाइम्स'मध्ये लेख लिहिला. १९७१ मध्ये मोठ्या कंपनीकडून पहिली तबकडी निघाली. वाहवा झाली, पण खप बेताचाच. दहा वर्षे दोन मोठ्या कंपन्यांत काढल्यावर १९८१ मध्ये त्याने दोन सहकाऱ्यांसह 'ओ बॉय रेकॉर्ड्स' ही स्वतःची कंपनी काढली. पुढच्या तबकडीसाठी चाहत्यांनी आगाऊ चेक धाडले. ज्याने लोकांच्या दारी टपाल नेले, त्याच्या दारी लोकांचा विश्वास टपालाने आला!

१९९१ च्या 'द मिसिंग इयर्स'ला ग्रॅमी मिळाले. १९९८ मध्ये मानेच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, आवाज खोल आणि खरखरीत झाला. त्याच आवाजात तो पुन्हा गाऊ लागला. २०१८ ची 'द ट्री ऑफ फर्गिव्हनेस' अमेरिकेच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेली, त्याच्या साऱ्या कारकिर्दीतला हा सर्वांत वरचा क्रमांक. तिच्यात जेसन इझबेलसारखे तरुण गायक साथीला होते. 'ऑल्टरनेटिव्ह कंट्री' म्हणवणारी ही पिढी त्याला घरातल्या वडीलधाऱ्यासारखी मानते. ७ एप्रिल २०२० रोजी कोरोनाने त्याला नेले.

आता हे सारे मी का सांगतो आहे? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझे वडील, अण्णा, मार्केट यार्डात हमाली करतात. माझी कवितांची वही त्यांना ठाऊक आहे. त्यांचा प्रश्न एकच : "ह्यानं पोट भरतं का?" हा प्रश्न अरसिकाचा नव्हे, ज्याने आयुष्यभर पोती वाहिली, त्याचा आहे. "कलेसाठी सर्वस्व द्यावे" हे वाक्य भाषणात ठीक. आमच्या घरी 'सर्वस्व' म्हणजे अण्णांची पाठ.

जॉनची गोष्ट या प्रश्नाचे उत्तर देत नाही. एबर्टना तो चित्रपट आवडला असता तर? योगायोग काही कुणाच्या हातचा नसतो. पण लेख आला तेव्हा गाणी तयार होती, एवढे खरे. आणि ती नोकरी टाळून नव्हे, नोकरीच्या वाटेवर सापडली होती. यार्डातल्या माणसांची सुखदुःखेही कुणी तरी लिहायला हवीत. ती लिहिणाराने यार्ड पाहिलेले असावे.

परवा अण्णांना ही सगळी कहाणी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "म्हंजे आधी नोकरी केलीच की त्यानं. मग तूबी कर."

यावर मला काही बोलता आले नाही. भरतीचा अर्ज भरला आहे. वही मात्र खिशात आहे.